गहू बंद करण्याआधी डॉक्टर गाठा

माझ्या धाकट्या बहिणीला नवरात्रात बरं वाटायचं. नऊ दिवसांचे उपवास ती लग्नाआधीपासून करते. वरईचा भात, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याची भाकरी. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोटातली गुडगुड थांबायची आणि सकाळची धावपळही. दसऱ्याला पुरणपोळ्या व्हायच्या आणि आठवड्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आम्ही म्हणायचो, देवी बळ देते. खरं काय ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सात-आठ वर्षं हे असंच चाललं. त्या काळात तिचं हिमोग्लोबिन आठाच्या वर टिकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. पाळीला दोष देऊन सोनोग्राफी झाली. एका डॉक्टरांनी आयबीएस म्हणून गोळ्या लिहून दिल्या, दुसऱ्यांनी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं. मग एका आहारसल्लागाराने गहू बंद करायला सांगितला. दोन महिन्यांत ती खरंच सुधारली. तेव्हा कुठे सिलिॲक या आतड्याच्या आजाराची रक्ततपासणी झाली आणि रिपोर्ट आला नॉर्मल. ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत,’ असं तिला ऐकून घ्यावं लागलं.

शेवटी सोलापूरहून पुण्याला एका पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, “ताई, दिवसभरात तुमच्या ताटात काय काय असतं?” इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गहू बंद असल्यामुळेच रिपोर्ट नॉर्मल आला असावा, हे त्यांनी समजावून सांगितलं. बहिणीला पुन्हा काही आठवडे रोज पोळ्या खाव्या लागल्या, त्रास सोसावा लागला, मग रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे घेतले आणि सिलिॲकचं निदान झालं. त्या दोन महिन्यांच्या घाईमुळे तिच्या वाट्याला जे आलं ते तुमच्या घरात कुणाच्या वाट्याला येऊ नये, यासाठी हा लेख आहे.

चार त्रास, चार वेगळे रस्ते

‘मला गहू सोसत नाही’ या एका वाक्यामागे निदान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. डॉक्टर शोधण्याआधी त्या माहीत असल्या तर योग्य दार ठोठावता येतं.

पहिली गोष्ट सिलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांमध्ये ते पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषतात. ते झिजून सपाट होतात. मग लोह शोषलं जात नाही म्हणून रक्त कमी, कॅल्शियम शोषलं जात नाही म्हणून हाडं ठिसूळ, मूल असेल तर उंची खुंटलेली. जुलाब होतीलच असं नाही. काहींना बद्धकोष्ठ असतो, काहींना फक्त तोंड येतं, काही स्त्रियांना गर्भ राहत नाही किंवा टिकत नाही. हा आजार जन्मभर सोबत राहतो आणि त्यावर आज एकच उपचार आहे : ग्लूटेन पूर्ण बंद.

दुसरी गोष्ट गव्हाची ॲलर्जी. यात खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. याचा डॉक्टर वेगळा, तपासण्या वेगळ्या. श्वास लागला तर थेट जवळचं रुग्णालय गाठायचं.

तिसरी गोष्ट अन्न न सोसणं. दूध पचवणारं लॅक्टेज हे विकर कमी असेल तर दुधाने पोट फुगतं. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टान नावाची शर्करा असते, तीही काहींच्या पोटात आंबून वायू करते. त्रास खराच असतो, पण आतड्याला इजा होत नाही. अशा माणसाला दही-ताक चालू शकतं, अर्धी पोळी चालू शकते. किती चालतं, हाच इथला प्रश्न.

चौथी गोष्ट म्हणजे सिलिॲक नाही, ॲलर्जी नाही, तरी गव्हाने त्रास होतो ती. तिच्यासाठी रक्ताची कोणतीही खात्रीची तपासणी नाही. पहिल्या दोन गोष्टी नाहीत हे पक्कं झाल्यावरच डॉक्टर हे नाव घेऊ शकतात.

हा फरक एवढा ताणून सांगण्याचं कारण असं की उपचारात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सिलिॲकच्या माणसाला पोळीचा चुराही वर्ज्य. दूध न सोसणाऱ्याला असं आयुष्य जगायला लावणं म्हणजे विनाकारण शिक्षा, आणि सिलिॲकवाल्याला ‘थोडं थोडं खात जा’ म्हणणं म्हणजे त्याचं आतडं झिजत ठेवणं.

आपल्याकडे हे निदान का हुकतं?

भारतातल्या तीन भागांत झालेली एक मोठी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २३ हजारांहून अधिक प्रौढ माणसं तपासली होती. उत्तरेत रक्तात सिलिॲकची प्रतिपिंडं असणाऱ्यांचं प्रमाण १.२३ टक्के निघालं, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के. विशेष म्हणजे या आजाराला लागणारी जनुकं तिन्हीकडे साधारण तिघांत एकाजवळ होती. फरक होता ताटात. उत्तरेत रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. पण आपल्या ताटाकडे पाहा. आजीच्या काळात सोलापूर, नगर, मराठवाड्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी होती, कोकणात भात होता. आज डब्यात पोळी, न्याहारीला उपमा किंवा बिस्किटं, संध्याकाळी पाव. गहू सगळीकडे पोहोचला, पण ‘हा पंजाबकडच्या लहान मुलांचा आजार’ ही समजूत मात्र अजून मागे राहिली आहे. म्हणून आपल्या भागात डॉक्टर शोधताना ‘पोटाचा डॉक्टर’ एवढंच पाहून चालत नाही. हा आजार त्याच्या मनात येतो का, हे पाहावं लागतं.

कुणाकडे जायचं?

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासूनच करा. पहिली तपासणी त्यांना लिहून देता येते : रक्तातलं टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागत नाही. पंधरा वर्षं तुमचं घर पाहणाऱ्या डॉक्टरला सरळ सांगा, “हिमोग्लोबिन गोळ्यांनी वाढत नाही, सिलिॲक असू शकेल का, एकदा बघू या का?” यात त्यांचा अवमान नाही. बहुतेक चांगले डॉक्टर असा प्रश्न मनावर घेतात.

रिपोर्टमध्ये काही निघालं, किंवा रिपोर्ट नॉर्मल असूनही त्रास थांबत नसेल, तर पोटविकारतज्ज्ञ म्हणजे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट. पाटीवरची पदवी वाचा. एमडी मेडिसिननंतर गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीत डीएम किंवा त्याच्या तोडीची डीएनबी केलेले डॉक्टर हवेत. पोटाचे सर्जन हे वेगळे, ते शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि नोंदणी क्रमांकावरून ती पडताळता येते.

मूल असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि मग मुलांचे पोटविकारतज्ज्ञ. ही मंडळी थोडी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत. तरीही मुलाची उंची-वजनाची रेघ दोन वर्षं सपाट असेल तर मुंबई-पुण्याची फेरी टाळू नका.

कधी कधी सिलिॲकची पहिली खूण पोटात नसतेच. कोपर, गुडघे, कंबरेखाली खाजरे बारीक फोड पुन्हा पुन्हा येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना ‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस असेल का’ असं विचारा. तो सिलिॲकचाच त्वचेवरचा अवतार आहे. टाइप वन मधुमेह किंवा थायरॉईडचा स्वप्रतिकार आजार असणाऱ्यांत सिलिॲक जास्त आढळतो, म्हणून त्या डॉक्टरांनाही ही तपासणी विचारावी. कमी वयात हाडं ठिसूळ झाली असतील किंवा वंध्यत्वाचं कारण सापडत नसेल, तरीही तसंच.

शोधायचं कुठे?

पहिला उत्तम पत्ता म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय. मुंबईत केईएम, नायर आणि शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय यांत पोटविकाराचे स्वतंत्र विभाग आहेत. ओपीडीत गर्दी असते, दिवस मोडतो, पण तिथल्या डॉक्टरांनी एका वर्षात पाहिलेली आतडी खाजगी दवाखान्यात दहा वर्षांतही दिसत नाहीत. दुर्मीळ किंवा गुंतागुंतीच्या रुग्णाला दिल्लीचं एम्स, चंदिगडचं पीजीआय आणि लखनौचं संजय गांधी संस्थान ही नावं माहीत असावीत. उत्तरेत हा आजार जास्त असल्याने तिथे यावर दीर्घ काळ काम झालं आहे.

दुसरा पत्ता म्हणजे ज्यांच्या घरात हा आजार आहे ती माणसं. सिलिॲकच्या मुलाची आई दहा डॉक्टर फिरून अकराव्यापाशी थांबलेली असते, तिचं म्हणणं जाहिरातीपेक्षा मोलाचं. आहारतज्ज्ञ इशी खोसला यांनी दिल्लीत उभी केलेली सिलिॲक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांसाठी काम करते, तिथेही विचारता येईल. शहरातला टाइप वन मधुमेहाचा दवाखानाही विचारण्याची जागा आहे, कारण तिथल्या मुलांची ही तपासणी वेळोवेळी करावी लागते आणि पुढे कुणाकडे पाठवायचं ते त्यांना ठाऊक असतं.

तिसरं काम फोनवर होतं. भेटीची वेळ घेताना मदतनिसाला दोन गोष्टी विचारा. इथे सिलिॲकचे रुग्ण नेहमी येतात का? डॉक्टर दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे घेऊन तपासायला पाठवतात का? दुसऱ्या प्रश्नाला ‘गरज असेल तर घेतात की’ असं चटकन उत्तर आलं, तर योग्य ठिकाणी फोन लागला आहे.

भेटीआधीची तयारी

आपल्याकडे तज्ज्ञ डॉक्टरकडे दहा मिनिटं मिळतात. ती वाया जाऊ द्यायची नसतील तर घरूनच तयारी हवी.

सात दिवसांचं खाणं वहीत लिहा. सकाळच्या चहाबरोबरचं बिस्किटसुद्धा. शेजारी त्रास काय झाला, किती वाजता झाला ते लिहा. या सात दिवसांत गहू मुळीच बंद करू नका. उपवासाचे दिवस वेगळे टिपा. नवरात्र, श्रावण किंवा लागोपाठचे उपवास यांत पोट शांत राहत असेल, तर तेवढं वाक्य स्वतंत्र लिहून डॉक्टरांना दाखवा. हा पुरावा नव्हे, पण चांगला धागा आहे. उपवासात दूध भरपूर घेऊनही बरं वाटत असेल, तर दुधावरचा संशय कमी होतो. दुधानेच बिघडत असेल, तर दिशा वेगळी.

जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. हिमोग्लोबिनचे आकडे एका कागदावर वर्षवार मांडा : अमुक वर्षी आठ, गोळ्यांनंतर साडेआठ, पुन्हा आठ. ही मांडणी डॉक्टरला एका नजरेत बोलते. मुलासाठी शाळेतल्या उंची-वजनाच्या नोंदी न्या.

घरच्यांची माहिती विचारून घ्या. आई-वडील, भावंडं, मुलं यांत कुणाला थायरॉईड, टाइप वन मधुमेह, सिलिॲक, वारंवार गर्भपात, कमी वयात हाडांचा ठिसूळपणा आहे का? सिलिॲक असलेल्याच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार साधारण पाच ते दहा टक्के लोकांना असतो.

आणि शौचाबद्दल बोलताना लाजू नका. ‘पोट बिघडतं’ एवढ्याने डॉक्टरला काही कळत नाही. दिवसातून किती वेळा, पातळ की चिकट, पाण्यावर तरंगतं का, वास कसा, रात्री उठावं लागतं का, हे सांगा. स्त्रियांनी पाळी आणि गर्भारपणातल्या अडचणी सांगाव्यात. सासूबाईंसमोर बोलवत नसेल तर आधी कागदावर लिहून ठेवावं.

जाणकार डॉक्टर कसा ओळखायचा?

तो आधी ताटाबद्दल विचारतो आणि मग तपासण्या लिहितो. त्याला पुढील प्रश्न तुम्ही मोकळेपणाने विचारू शकता. उत्तरं ऐकूनच अंदाज येईल.

१. टीटीजीबरोबर एकूण आयजीए तपासणार का? काहींच्या शरीरात आयजीए ही प्रतिपिंडं मुळातच कमी असतात. त्यांचा टीटीजी-आयजीए रिपोर्ट आजार असूनही नॉर्मल दिसतो, मग आयजीजी जातीची दुसरी तपासणी करावी लागते. जाणकार डॉक्टर हे स्वतःहून सांगतो.

२. सगळ्या तपासण्या संपेपर्यंत गहू चालू ठेवायचा ना? याचं उत्तर ठाम ‘हो’ असायला हवं.

३. दुर्बिणीच्या तपासणीत किती तुकडे घेणार? आतड्यातली झीज सगळीकडे सारखी नसते. म्हणून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, म्हणजे ड्युओडेनमच्या पहिल्या टप्प्यातून एक-दोन आणि दुसऱ्या टप्प्यातून निदान चार तुकडे घ्यायची पद्धत आहे. आत सगळं साधं दिसलं तरी तुकडे घ्यावे लागतात. ‘बघितलं, सगळं ठीक आहे’ एवढ्यावर थांबू नये. ही तपासणी आधी उपाशी राहून, घशात फवारा मारून किंवा थोडी गुंगी देऊन होते. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येतं.

४. तुकड्यांचा रिपोर्ट मार्श श्रेणीत येईल का? अंकुरांची झीज किती, हे या श्रेणीवरून कळतं. पुढे तुलना करायलाही ती कामी येते.

५. दुसरं काय असू शकतं? आपल्याकडे आतड्याचा क्षय, जिआर्डियासारखे जंतू, ट्रॉपिकल स्प्रू यांतही अशीच लक्षणं दिसतात. हे पर्याय तपासून बाजूला सारणारा डॉक्टर भरवशाचा.

६. आमच्या मुलांची, भावंडांची तपासणी करायची का? निदान पक्कं झाल्यावर जाणकार डॉक्टर हे तुमच्या आधी बोलतो.

मुलांच्या बाबतीत एक सवलत आहे. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार टीटीजी-आयजीए नॉर्मल मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीशिवाय निदान करता येतं. तुमच्या मुलाला हे लागू आहे का, हे त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१६ मध्ये सिलिॲकच्या निदान-उपचाराची मार्गदर्शिका काढली आहे, तिचं नाव डॉक्टरांच्या बोलण्यात आलं तर चांगलंच.

गहू आधीच बंद केला असेल तर?

डॉक्टरपासून लपवू नका. केव्हा बंद केला, किती कडकपणे, त्यानंतर काय फरक पडला ते सांगा. इथे जनुकांची तपासणी उपयोगी पडते, कारण ती खाण्यावर अवलंबून नसते. डीक्यू टू आणि डीक्यू एट ही दोन्ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळपास नाहीच. असतील तर मात्र त्यावरून काही ठरत नाही, ती तिघांतल्या एकाजवळ असतातच.

जनुकं असतील तर डॉक्टर काही आठवडे पुन्हा गहू खायला सांगतील. रोज साधारण तीन ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे एक-दोन पोळ्या, निदान दोन आठवडे आणि सोसत असेल तर सहा-आठ आठवड्यांपर्यंत, अशी पद्धत आहे. हे मनाने करू नका. पाच वर्षांखालचं मूल, वयात येणारं मूल आणि गर्भवती स्त्री यांच्या बाबतीत तर नाहीच.

इथे सावध राहा

एका रक्ताच्या नमुन्यात दोनशे पदार्थ तपासून देतो म्हणणारं आयजीजीचं मोठं पॅकेज घेऊ नका. एखाद्या पदार्थाविरुद्ध रक्तात आयजीजी सापडणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच. त्यावरून न सोसण्याचं निदान होत नाही, असं ॲलर्जीतज्ज्ञांच्या जगभरच्या संस्थांनी सांगितलं आहे. असा रिपोर्ट हातात घेऊन दूध, अंडी, डाळ, टोमॅटो सगळं बंद केलेली मुलं वाळत जातात. केस पाठवून होणाऱ्या तपासण्यांचंही तसंच.

‘खपली गहू चालतो’ असं कुणी सांगितलं तर उठून या. सांगली-साताऱ्याकडची खपली खिरीला कितीही उत्तम असली तरी ती गव्हाचीच जात आहे आणि तिच्यात ग्लूटेन असतं. ‘मोठेपणी आपोआप जाईल’, ‘तीन महिने औषध घ्या, मग सगळं खा’ ही आश्वासनंही ऐकू नका, मग ती कोणत्याही पॅथीची असोत. वजन जास्त आहे म्हणून सिलिॲक नसेल, असं ठरवणारा डॉक्टरही चुकतो. जाड माणसांनाही हा आजार होतो.

निदानानंतरचा डॉक्टर

निदान लिहून मोकळा होणारा डॉक्टर अर्धाच उपयोगाचा. पहिल्या वर्षात साधारण सहा महिन्यांनी आणि बाराव्या महिन्यात टीटीजी पाहतात, पुढे वर्षातून एकदा. तो आकडा खाली यायला वर्ष-दीड वर्षही लागतं, तेव्हा घाबरू नये. सोबत हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी १२, फोलेट, ड जीवनसत्त्व, थायरॉईड आणि यकृताची तपासणी, प्रौढांमध्ये गरजेप्रमाणे हाडांच्या घनतेची तपासणी. डॉक्टरने न सांगता तुम्ही ही यादी त्यांच्यासमोर ठेवली तरी चालेल.

त्यांच्याकडे आहारतज्ज्ञाचं नाव मागा आणि त्या आहारतज्ज्ञाला आपल्या स्वयंपाकघराची ओळख आहे का ते पाहा. ओट्स आणि किनोआची यादी हातात देणारी व्यक्ती सोलापूरच्या घराला फारशी कामाची नाही. तिला विचारा, “हिंगाचं काय?” बाजारातल्या बहुतेक डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. हे तिला ठाऊक असेल तर ती मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ, शेवया, माल्टची पेयं, सोया सॉस आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा यांबद्दलही सांगेल. मग विचारा, “ज्वारी गिरणीतून दळून आणली तर चालेल का?” आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्याच दगडांतून गेलेला असतो. म्हणून घरघंटी घेणं, किंवा गिरणीवाल्याला विनंती करून गिरणी साफ केल्यावर पहिल्या फेरीत आपलं धान्य टाकणं आणि सुरुवातीचं पीठ बाजूला काढणं, असे मार्ग ती सुचवेल. वेगळं पोळपाट-लाटणं, वेगळा तवा, पाकिटावरच्या सूचना वाचण्याची सवय, हेही तिच्याकडून शिकायचं. भारतात ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. नुसतं ‘गहू नाही’ लिहिलेल्या पाकिटात जव असू शकतो.

तज्ज्ञ दूर असतील तर

तालुक्याच्या गावाहून दर दोन महिन्यांनी पुण्या-मुंबईला जाणं कुणालाच परवडत नाही. त्याची गरजही नसते. निदानापुरत्या एक-दोन फेऱ्या करा. तज्ज्ञ डॉक्टरांकडून गावातल्या फॅमिली डॉक्टरच्या नावे एक पत्र मागून घ्या : निदान काय, कोणत्या तपासण्या कधी करायच्या, कोणता आकडा आला तर परत पाठवायचं. बहिणीच्या सोलापूरच्या डॉक्टरांकडे असं पत्र आहे. त्यांनी ते तिच्या केस पेपरला जोडून ठेवलं, स्वतः वाचून काढलं आणि गेल्या वर्षी रक्त न वाढणाऱ्या दुसऱ्या एका बाईची टीटीजी तपासणी लिहून दिली. एक पत्र असं गावात पोहोचतं, तेव्हा गावालाही जाणकार डॉक्टर मिळतो.

गहू आणि हा आजार यांचं नातं जगासमोर आणणारे डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांच्याबद्दल असं सांगतात की, १९३० च्या दशकात एका तरुण आईने त्यांना सांगितलं, ताटातून पाव काढला की माझ्या मुलाला बरं वाटतं. त्यांनी ते बोलणं मनावर घेतलं, वर्षानुवर्षं मुलांच्या वजनाच्या नोंदी ठेवल्या आणि १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठाला प्रबंध सादर केला. माझी बहीणही तेच सांगत होती, फक्त नवरात्राच्या भाषेत. तिला ऐकणारा डॉक्टर मिळायला आठ वर्षं लागली.

ती उपवास अजूनही करते. दसऱ्याला घरच्यांसाठी पुरणपोळ्या होतात. तिचं पुरण मात्र कणकेचा हात लागण्याआधीच वेगळं काढून ठेवतात. ते ती वाटीत घेते, वर तुपाची धार सोडते आणि आमच्या पंगतीला बसून खाते. गेल्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन साडेबारा होतं.

तुमच्या घरात कुणी गोळ्या खाऊन रक्त वाढत नाही म्हणून कंटाळलं असेल, कुणाच्या मुलाची शाळेची पँट दोन वर्षं आखूड होत नसेल, तर आज रात्री त्याच्या ताटातली पोळी काढू नका. वही काढा, आजचं जेवण लिहा आणि उद्या सकाळी फॅमिली डॉक्टरांना फोन करा.